मागची डावी काच

पाणी गळ्यापर्यंत आलं आणि माझ्या बाजूची काच आपोआप खाली गेली. सरळ, आवाज न करता. माझा मुलगा नरेश पुढे स्टिअरिंगवर होता. "आई, निघ!" एवढंच म्हणाला. त्याची काच बंदच... मी मागून त्याची कॉलर धरली होती. ती सुटली.

लोकांनी दोर टाकून मला ओढलं. पनागरजवळ ठेंगण्या पुलावरून नाला वाहत होता. मी थांब म्हटलं होतं.

मी चौथी शिकलेली. आम्ही विहारात जाणारी माणसं, भूतखेत मानत नाही. म्हणून झालं तेवढंच लिहिते.

गाडी जुनी घेतलेली. नरेशनं मोबाईलवर तिचा रिपोर्ट काढला — एकच मालक, अपघात नाही, विम्याचा क्लेम नाही.

"सोयरिक करताना शेजाऱ्यांना विचारतो आपण. गाडीचं काहून नाही विचारत?"

"आई, गाडी घेऊन राहिलो, बायको नाही!"

सून हसली. मीही हसले.

मागची डावी काच पहिल्या दिवसापासून उघडत नव्हती. मिस्त्रीनं दार खोलून पाहिलं. "माताजी, इसमें तो मोटर ही नहीं है." बसवू, बसवू म्हणत राहूनच गेलं.

नरेश गेला. त्याचा जलदान विधी झाल्यावर मी गाडीच्या कागदावरचा पत्ता घेऊन विजय नगरला गेले. आधीच्या मालकाच्या घराला कुलूप. शेजारणीला विचारलं. आधी विचारायचं ते आता.

"वो गाड़ी? वो तो एक बार डूबी थी, माताजी. इनकी अम्मा पीछे बैठी थीं. काँच नहीं खुला उनका."

"क्लेम नाही केला?"

"अम्मा चली गईं, किसको होश था!"

क्लेम नाही, म्हणून रिपोर्टमध्ये नाही. इतकी साधी गोष्ट.

पाण्यातून काढलेली गाडी त्याच मिस्त्रीला दाखवली. काच खाली होती. दारात मोटर नव्हतीच.

लोक म्हणतात, त्या म्हातारीनंच काच उतरवली. म्हणू देत. उतरवायचीच होती तर पुढची उतरवायची. नरेशला दोन लेकरं आहेत — मला काय करायची होती उघडी काच?

कारण मला अजून सापडलं नाही. गाडीत आम्ही दोघं होतो. नरेश एक्केचाळीसचा, मी चौऱ्याहत्तरची. वाचले ती मी.