नटबोल्टांचा माटव

आखातात फुटबॉलचा विश्वचषक झाला, त्याआधी आरोंद्यातला आमचा शेजारी तिथे फिटर होता. त्याने काम केलेलं स्टेडियम बोल्टांवर उभं होतं: जिने, गॅलऱ्या, भिंती, सगळं स्पर्धेनंतर सोडवून दुसरीकडे नेता यावं असं. त्याचं पुढे काय झालं ते त्याला ठाऊक नव्हतं. तो आधीच घरी परतला होता. अशा इमारतींच्या वारशावर लेख लिहायचा म्हणून मी त्याच्याकडे गेलो. त्याने मला थेट अंगणात नेलं. वारसा तिथे उभा होता.

मुलीचं लग्न तोंडावर आलं होतं. त्याने लोखंडी नळ्यांचा माटव, म्हणजे लग्नाचा मांडव, एकट्याने उभारला होता. मधे एकही खांब नाही.

"कोणाक त्रास नको," तो म्हणाला. "पानो फिरवलो की झाला."

चूक इथेच होती. आमच्या वाडीत माटव घालायला दर घरातून एक माणूस येतो. पोफळीचे खांब, माडाची झापं, भरपूर वाद आणि शेवटी जेवण. ज्याने खांब धरला त्याला आमंत्रण पोचलं, पत्रिका नंतरची. इथे कोणी काही धरलंच नव्हतं.

शेजारचे काका कुंपणाच्या दगडी गडग्यापलीकडे येऊन उभे राहिले. त्यांच्याशिवाय वाडीत माटवाचा खांब रोवला जात नाही.

"काय रे, माटव नटबोल्टांनी घातल्यानी मा? मग जेवाकव तेंकाच बसय."

"काका, तसा नाय..."

"माझे गुडघे दुखतत. लग्नाक येवक जमाचा नाय. घरात सगळ्यांचेच दुखतत."

दिवेलागणीपर्यंत गुडघेदुखीची साथ वाडीभर पसरली. शेजाऱ्याची बायको वाटून न संपलेल्या पत्रिका घेऊन परतली.

"आपला चेडू जातला, तेका पोचवक कोण? तुझे नळये?" ती म्हणाली. "स्टेडियम सोडवक येता असा तूच सांगतंस मा? मग ह्यो सोडय."

त्याने सोडवला. रचनेची खरी परीक्षा तीच होती आणि ती निर्विघ्न पार पडली. मग तो घरोघर जाऊन आला.

सकाळी सगळे गुडघे बरे झाले होते. नळ्या उलटसुलट लागल्या. शेजारी पुढे सरसावला, तेव्हा बायकोने त्याच्या हातातला पाना काढून घेतला. माटव किंचित मालवणच्या दिशेला कलला. काकांनी बरोबर मधोमध पोफळीचा एक खांब रोवला.

"हयसर खांबाची गरज नाय, काका."

"तुझो पडलो तर आमचो रवात."

दुपारी पंगत बसली. काकांनी विचारलं, "नवऱ्याकडची माणसां खयच्या वाटेन येतली? मी तिठ्यार उभो रवतंय."

शेजाऱ्याने एकदा वर, कललेल्या छपराकडे पाहिलं, आणि काकांच्या पानात मटणाचा आणखी एक डाव ओतला.