सुभद्राबाईची अंबाडी

सुभद्राबाई म्हणजे शब्दाला पक्की आणि जिभेला तिखट. वऱ्हाडावर हुकूम नागपूरच्या सरकारचा असेल, पण चिखलीजवळच्या तिच्या गल्लीत चालायचा तो तिचाच.

त्या साली पावसानं दगा दिला. दुबार पेरणीत घरोघरचं अंबाडीचं बी संपलं आणि शेतातली रोपं करपली. हिच्या परसात मात्र भांडी घासल्याच्या पाण्यावर अकरा झाडांनी तग धरला. अंबाडीच ती, तिला लाड कुठले लागतात! सुभद्राबाईनं सगळ्यांना बजावलं, "बोंडं वाळेपर्यंत कोणी पानाले हात लावायचा नाही. मंग घरोघर मूठ मूठ बी देईन." तापातून उठलेल्या शेजारच्या अमीरबीनं तोंडाला चव यावी म्हणून चार पानं मागितली. तिलाही ती नाहीच म्हणाली.

आणि मग तिची लेक मनकर्णा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. सातवा महिना, पोटात अन्न ठरेना. "माय, मले अंबाडीची भाजी दे," एवढाच तिचा धोशा. सुभद्राबाईनं चिंचेचं सार दिलं, लोणचं दिलं. पोरीनं ताट सरकवलं. चौथ्या दिवशी तिनं मागणंही सोडलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. तेव्हा मात्र सुभद्राबाई उठून परसात गेली.

झाडं कळ्यांवर आली होती. आता पाला खुडला की त्या झाडाचं बी गेलंच. तिनं हात पुढे केला, मागे घेतला, पुन्हा पुढे केला. शेवटी सगळ्यात भरदार झाड तिनं शेंड्यापासून बुडापर्यंत ओरबाडलं.

फोडणीचा वास गल्लीभर गेला. मनकर्णा दोन भाकरी जेवली. सुभद्राबाईनं मान वर केली, तर दारात अमीरबी उभी.

"माह्या तापात तुमच्या झाडाले पान नव्हतं, बाई?"

 शरमेनं सुभद्राबाईचे कान तापले. अमीरबी आली तशी निघून गेली.

मार्गशीर्षात उरलेल्या दहा झाडांचं बी झाडलं. लेकीचा मुलगा तेव्हा पाळण्यात होता. गल्लीतल्या बाया आल्या, एकेकीच्या पदरात मूठ पडत गेली. अमीरबीच्या ओढणीत मात्र दोन पडल्या आणि सूप रिकामं झालं.

अमीरबी सुपाकडे पाहतच राहिली. "मले दोन काऊन? तुमच्या घरचं बी कुठं हाये?"

"आमचं आम्ही खाल्लं," सुभद्राबाई म्हणाली.