इत्तोचा जल्लाबा

मोरोक्कोतल्या आमच्या सेफ्रू गावात बाईला लांबून ओळखायचं तर तिच्या जल्लाब्याकडे, त्या पायघोळ झग्याकडे बघायचं. डोक्यावर खोळ ओढली की चेहऱ्याचं काय दिसतं? गळ्यापासून घोट्यापर्यंत उतरलेली गुंड्यांची रांग तेवढी दिसते. या गुंड्या आम्ही बायका घरोघरी बसून सुईनं रेशमाच्या विणतो. सगळ्या एकसारख्या आल्या पाहिजेत, नाहीतर व्यापारी परत पाठवतो.

दुसऱ्यांच्या कामात इत्तो अगदी नेटकी. पण स्वतःच्या जल्लाब्याला ती एक गुंडी डाळिंबी लावायची, दुसरी पोपटी, तिसरी हळदीसारखी पिवळी. ती पोरकी मुलगी, डोंगरातल्या गावची, बुअज्जाची बायको होऊन आमच्या गल्लीत आली तेव्हा मी दारात बसून तिला खिजवलं होतं.

"काय गं, उरल्यासुरल्या दोऱ्यांच्या केल्यास का?"

"नाही खालती, मुद्दाम केल्यात. ही पिवळी लग्न ठरलं त्या दिवशीची. आणि ही काळपट सासूबाई पहिल्यांदा बोलल्या तेव्हाची."

खालती म्हणजे मावशी. त्या दिवसापासून तिनं मला मावशी करून टाकलं. माझा स्वभाव तसा कडू, मला माणसं पटकन आवडत नाहीत. ही आवडली.

तिच्या सासूला, लल्ला बतूलला, त्या गुंड्या बघवत नसत. "नाकापेक्षा मोती जड," ती म्हणायची. बुअज्जा मात्र हसायचा. तो ट्रक चालवायचा. "बाजारात पन्नास बायका असू देत, माझी कुठली ते मला उतारावरूनच कळतं," असं सगळ्यांना सांगत फिरायचा. एका हिवाळ्यात घाटात त्याचा ट्रक उलटला आणि तो गेला.

आमच्यात नवरा गेला की बाई इद्दतीचे चार महिने दहा दिवस संपेपर्यंत पांढऱ्यात राहते. जल्लाबा, रुमाल, मोजे, सपाता, सगळं पांढरं. काजळ नाही, मेंदी नाही. इत्तोची त्याबद्दल काही तक्रार नव्हती. "त्याच्यासाठीच घातलंय," ती म्हणायची आणि खरंच रडायची. पण हात थांबवून कसं चालणार? पदरात विसाल होती, नुकती शाळेत जायला लागलेली. पांढऱ्या मांडीवर लाल, जांभळं, शेंदरी रेशीम पसरून इत्तो लोकांच्या गुंड्या विणत बसायची. सासू येताजाता बोलायची, "सुंभ जळलं तरी पीळ जात नाही."

हळूहळू माझ्या लक्षात आलं, म्हातारीला ते पांढरं आवडायला लागलं होतं. सून हसत नव्हती, गल्लीबाहेर पाऊल टाकत नव्हती, दिवसभर खिडकीशी खाली मान घालून काम करत होती. तिचे जुने जल्लाबे पेटीत गेले. पेटीची किल्ली लल्ला बतूलच्या गळ्यात गेली.

एक दिवस दुपारी इत्तो माझ्याकडे आली. "खालती, इद्दत संपली की हमामात न्हाऊन पांढरं उतरवायचं. तेव्हा नवे कपडे माहेरचे आणतात. मला कुठलं माहेर? तू आणशील?"

"कुठला रंग?"

"पिकलेल्या चेरीचा."

कापड मी आणलं, शिंप्याकडून शिवून घेतलं. गुंड्या ती विणायची आणि माझ्या चहाच्या डब्यात आणून टाकायची. घरात लपवायला जागा नव्हती. एकीसारखी दुसरी नव्हती. "पांढऱ्यात बुअज्जाची विधवा आहे," ती एकदा म्हणाली. "ती मीच आहे. पण तेवढीच नाही गं मी." मग मी उगाच चहात साखर कमी पडली म्हणून चिडले.

तो दिवस आला. हमामच्या बाहेरच्या खोलीत मी गाठोडं घेऊन बसले होते. बाकांवर बायका केस पुसत होत्या. इत्तो आतून आली, तोंड वाफेनं लाल झालेलं. तिचे पांढरे कपडे राखणदारणीनं दान म्हणून आधीच उचलून नेले होते. ते पुन्हा अंगाला लावणं अशुभ. मी गाठोडं सोडलं.

"गावची अख्खी चेरीची जत्रा अंगावर घेऊन चाललीस की," एक जण म्हणाली. "मलाही असल्याच गुंड्या करून दे." सगळ्या हसल्या. इत्तोही हसली, कितीतरी महिन्यांनी. तिनं एक हात बाहीत घातला.

तेवढ्यात पडदा सरकवून लल्ला बतूल आत आली. एका हाताला विसाल. दुसऱ्या हातात राखाडी जल्लाबा, बाजारातला तयार, गुंड्यांऐवजी चेन लावलेला. विसालच्या अंगावरही तसलाच होता, लहान मापाचा. पोरगी नव्या कपड्यानं हरखली होती.

"यम्मा, बघ, आपले सारखे आहेत," ती आईला म्हणाली.

लल्ला बतूल ओरडली नाही. ती कधीच ओरडत नाही. बाकावर टेकून तिनं दम खाल्ला. "कुठला घालायचा ते तुझं तू ठरव. आजपासून तू मोकळी. लाल घालून निघालीस तर लोक म्हणतील, नवरा शोधायला निघाली. शोध खुशाल, मी अडवणार नाही. पोरगी मात्र बुअज्जाची आहे. ती माझ्या घरात राहील."

मला राहवलं नाही. "लल्ला बतूल, अल्लाला घाबरा. अंगावर रंग घातला म्हणून कुणी नवरा शोधत नसतं."

"खदूज, तुझे मुलगे संध्याकाळी तुझ्या घरी जेवायला येतात," ती म्हणाली. "माझा मातीत आहे."

बाकावरच्या बायका एकाएकी आपापल्या फण्या शोधायला लागल्या. विसाल गळ्यापाशी चेन खाली-वर करत उभी होती, आजीचा हात न सोडता.

इत्तोनं लेकीकडे बघितलं. मग तिनं बाहीतून हात काढला. गुंड्या आतल्या बाजूला येतील अशी त्या लाल जल्लाब्याची घडी घातली आणि माझ्या मांडीवर ठेवली. मला म्हातारीचा राग आला, लोकांचा आला, पण तो राग घेऊन जायला मला जागा सापडेना.

तिनं राखाडी चढवला. बोटं सवयीनं छातीवर पहिली गुंडी शोधायला गेली. तिथं काहीच नव्हतं. मग ती खाली वाकली, पण चेनची दोन टोकं तिला अडकवता येईनात. असला कपडा तिनं जन्मात घातला नव्हता.

"अशी नाही लावायची, यम्मा." विसाल आजीचा हात सोडून तिच्या पायाशी बसली, जीभ बाहेर काढून टोकं जुळवली आणि चेन वर ओढत आणली. गुडघे, पोट, छाती. शेवटचं पोचेना म्हणून ती बाकावर चढली आणि पार गळ्यापर्यंत लावून टाकली.

"घट्ट झाली का?" तिनं विचारलं.

"नाही गं राणी," इत्तो म्हणाली. "बरोबर बसली."