जिनाप्पांचं ताटावरचं मौन

निपाणीजवळच्या एका खेड्यात जिनाप्पा नावाचे तंबाखू पिकवणारे शेतकरी राहायचे. मुंगी मरेल म्हणून वाट सोडून चालणारा माणूस. पण खोट दिसली की त्यांच्या जिभेला खाज सुटायची. लग्नात गेले की मांडवाचा खांब तिरका, मयताला गेले की खांदेकऱ्यांची चाल बेतालाची. घरात तर विचारूच नका. त्यांच्या तोंडाला कंटाळून थोरला लेक-सून वेगळी चूल मांडून बसली.

धाकट्या धरणेंद्राचं लग्न झालं तशी लक्ष्मीबाईंनी नवऱ्याला बस्तीत, म्हणजे जैनांच्या देवळात नेऊन देवापुढं उभं केलं. "ही शालन तरी मला घरात ऱ्हायला पायजे. जेवताना मौन घ्या."

जिनाप्पांनी नियम घेतला. ताटावर अक्षर काढायचं नाही; निघालंच, तर ताट सोडून उठायचं. मौन कसलं ते! तोंड तेवढं बंद, बाकी माणूस चालूच. मांडी हलायची, भुवया उडायच्या, घशातून "हूं" निघायचं. साठलेलं सगळं मग हात धुताना एकदम बाहेर.

एका भादव्यात चिकोडीहून त्यांची थोरली बहीण आक्काताई आली. जिनाप्पांची पन्नाशी उलटली होती, पण या बहिणीपुढं ते अजून सहा वर्षांचे. दिवस मावळला की अन्नपाणी बंद, म्हणून पानं घाईनं वाढली. घास घेणार तोच आक्काताईला तांब्यात एक कस्पट दिसलं.

"लक्ष्मी, पाणी कुणी भरलं गं?"

"शालननं, वन्सं. मी सकाळी मळ्यात गेलते."

"मग काय! हिच्या म्हायेरी गाळणं दांडीवर वाळत असतंय नुसतं. बिनगाळल्या पाण्याचं मी खाणार न्हाय. आत्ताच बस्तीत जाऊन सांगती, ह्या घरचं पाणी कुणी पिऊ नका म्हणून. आन् पोरीला धाडा म्हायेरी, शिकून येऊ दे."

दाराआड शालनच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या. लक्ष्मीबाई काय बोलणार? त्यांनी काही बघितलंच नव्हतं. धरणेंद्र बाजारात.

बघितलं होतं एकट्या जिनाप्पांनी. सुनेची खोट काढायची म्हणूनच ते सकाळी विहिरीवर जाऊन उभे राहिले होते.

आक्काला आजवर उलट शब्द दिलेला नाही. हात धुताना बोलावं, तर तोवर ही बस्तीत पोचणार. आणि आत्ता उठलं की उद्या उजाडेपर्यंत पाण्याचा थेंबही नाही. समोर खिरीची वाटी अजून भरलेली. त्यांची मांडी थडथडली, भुवया टाळूकडे गेल्या, आणि घशातून मोठ्यानं निघालं, "हूं!"

"बघ," आक्काताई उठत म्हणाली, "जिनाप्पाला बी पटलं."

"पटलं कुणाला!" जिनाप्पा ताडकन उभे राहिले. "आक्का, दोनदा गाळलंय तिनं पाणी! एकदा गाळून भागलं असतं का न्हाय? पर न्हाय, दोनदा! गाळण्यातलं जीवजंतू परत हिरीत सोडाय गेली, तर तिथं मुंग्यांची रांग जाईस्तवर थांबली बया! मी उन्हात उभा वाळलो! सकाळधरनं सांगीन म्हंतोय, लई येळ लावती ही!"

आक्काताई भावाकडं बघत राहिली. मग हळूच खाली बसली.

"तुला न्हाय घावली म्हंजे खोट नसंलच," ती म्हणाली आणि तिनं घास उचलला.

जिनाप्पा अंगणात आले. दिवस बुडाला. आतून खीर भुरकल्याचा आवाज येत होता आणि ते पोटावर हात दाबून येरझाऱ्या घालत होते.

लक्ष्मीबाई उंबऱ्यात आल्या. "बोललासा ते लई बरं केलंसा. पर येळ लावती, हे कशाला मधी?"

"मग?" जिनाप्पा वळून म्हणाले, "लावत न्हाय काय?"