मावशीची हळद आणि खामचं पाणी

सुंदरमावशीला शहरात आणायचं, हे आमच्याकडे दिवाळीतच ठरलं. ठरवलं आम्ही भावंडांनी, आणि तिला पटवायचं काम माझ्या गळ्यात आलं, कारण भाऊ म्हणाला, "तुझं तोंड चालतं." मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. सत्तरी ओलांडलेली, वाळूजच्या खाली खाम नदीच्या काठावर एकटी राहते. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, फोटो काढणारे लोक तिला आवडत नाहीत. कारखान्यांचं पाणी नदीत उतरतं, तिथं म्हातारीनं कशाला राहायचं? आमच्याकडे नळाचं स्वच्छ पाणी आहे. आमचं म्हणणं इतकं सरळ होतं. ती हो म्हणाली की भाऊ गाडी घेऊन येणार होता.

जायचंच आहे तर नदीच्या सोबतीनं जाऊ, असं मला वाटलं. तीस वर्षं संभाजीनगरात राहते, रोज खामच्या पुलावरून ये-जा करते, पण ही बाई येते कुठून आणि जाते कुठं, कधी पाहिलं नव्हतं. स्कूटीची टाकी भरली, स्वेटर घातला आणि रविवारी सकाळी सातला निघाले.

सुरुवात हर्सूल तलावापासून केली. जटवाड्याच्या डोंगरांकडून पाणी येऊन इथं थांबतं. थंडीत या वेळी गेलात तर पाण्यावर धुकं असतं आणि माणसं जवळजवळ नसतात. काठाला बसून मी घरून नेलेले पोहे खाल्ले. तळाचे दगड दिसत होते. आमच्या पुलाखालची काळी खाम हीच, यावर माझा काही केल्या विश्वास बसेना.

तिथून पाणचक्की. नऊच्या आत पोचा, नंतर सहलीच्या बसेस येतात. तिकीट अगदी किरकोळ आहे. शेकडो वर्षांपूर्वी कुणीतरी डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नहरीतून इथवर आणलं, आणि ते आजही हौदात कोसळतं. मोटर नाही, वीज नाही. मी दरवेळी बघते आणि दरवेळी वाटतं, माणूस काय काय करू शकतो. भिंतीच्या पलीकडे खाम वाहते. दारावरच्या चणेवाल्या चाचांना मी म्हटलं, "चाचा, एकाच डोंगरातलं पाणी, मग असा फरक का?" ते चणे बांधता बांधता म्हणाले, "इसको ढाँक के रखे, बाजी. उसको खुला छोड़ दिये, हौर क्या."

खरं सांगायचं तर शहरात काही ठिकाणी काठ छान केलाय. झाडं लावलीत, फिरायला वाट आहे, सकाळी आज्या-आजोबा बसलेले असतात. पुढं छावणी ओलांडून वाळूजच्या रस्त्याला लागलं की सांभाळून चालवा. पाळी सुटायच्या वेळी कंपनीच्या बसेस कुणाच्या बापाच्या नसतात. जेवण त्याआधीच उरका. मी नान-खलिया खाल्ला आणि बरं झालं, कारण पुढच्या पुलावर थांबले तर उग्र वासानं डोळ्यांत पाणी आलं. खाली नदीवर गुडघाभर पांढरा फेस होता, वाऱ्यानं त्याचे गोळे उडून बाभळींना अडकत होते. सकाळी तळाचे दगड दाखवणारं पाणी दुपारपर्यंत इथवर आलं होतं. माणूस काय काय करू शकतो, असं पाणचक्कीपाशी वाटलं होतं तेच मला इथंही वाटलं, फक्त या वेळी अंगावर काटा आला.

मावशीच्या शेताच्या बांधावर उंच बांबूला लाल फडकं बांधलेलं दिसलं. मला वाटलं, म्हसोबाचं ठाणं केलंय नवीन. स्कूटीवरूनच एका हातानं नमस्कार केला. मावशी दारातून बघत होती. हसून हसून तिला ठसका लागला.

"आगं, देव नाय तो. माझं जुनं लुगडं हाय."

मग चुलीपुढं, बाजरीची भाकरी थापता थापता तिनं सगळं सांगितलं. पहिल्यापासून ती शुक्रवारी नदीची ओटी भरते. काही वर्षांपूर्वी एका शुक्रवारी तिनं पाण्यात हळद वाहिली आणि हळद लालभडक झाली. हळदीचं कुंकू झालं. सगळा गाव लोटला. नदीबाईनं कौल दिला म्हणून नारळ फुटले, आरती झाली. त्याच दिवशी शेजारच्या बबननं आनंदानं नदीवरची मोटर लावून वांग्याला पाणी दिलं. तीन दिवसांत वांगी करपली आणि नदीत मासे उलटे तरंगले.

"मला लई लाज वाटली," मावशी म्हणाली. "आपण आरती कशाची केली गं?"

तिला आठवलं, हळदीचा डाग लागलेलं पातळ धुण्याच्या सोड्यात टाकलं की डाग लाल होतो. म्हणजे नदीत सोड्यासारखं काहीतरी आलेलं. त्या दिवसापासून रोज पहाट फुटली की ती बशीत नदीचं पाणी घेते आणि चिमूटभर हळद टाकते. लाल झाली तर बांबूला लाल फडकं, नाहीतर पिवळं. खालच्या काठाचे शेतकरी पिवळं फडकं दिसलं तरच मोटर लावतात. शाळेत मी रसायनशास्त्र शिकवते. लिटमसचे कागद किती वर्षं पोरांपुढं नाचवलेत. आणि तिथं चुलीपुढं बसून मी तोंडाचा आ केला होता, तो भाकरीसाठी नव्हता.

सोमवारी सकाळी तिच्या मागं नदीवर गेले. पांढऱ्या बशीत पाणी, वर हळद. आम्ही दोघी वाकून बघत राहिलो. हळद पिवळीच राहिली. मावशीनं लाल फडकं उतरवलं, पिवळं चढवलं. जरा वेळानं बबनची मोटर घरघरली. मग त्याच्या खालची, मग आणखी खालची. काठानं आवाज लांब लांब जात राहिला. एका म्हातारीच्या चिमटीवर एवढा काठ चालतो.

तरीही मी विषय काढलाच. "मावशी, चल ना आता. भाऊ गाडी घेऊन येतोय."

"मी आले तर बशी कोण बघंल?"

"बबन बघेल."

"बबनला सकाळी आठला जाग येती." मग बशी विसळत म्हणाली, "आन् बाई, हळदीला समदं कळत नाय. एका जातीचं तेवढं कळतं. बाकीचं वासावरून, माशांवरून वळखावं लागतं. ते काय बबनला दोन दिवसांत शिकवू?"

माझं चालणारं तोंड तिथं बंद पडलं. तिनं पिशवीत वांगी भरली, वर हळदीची पुडी ठेवली. मी भावाला फोन करून सांगितलं, येऊ नकोस.

परतताना वाकडी वाट करून पैठणच्या धरणाच्या जलाशयावर, नाथसागरावर गेले. रस्ता खराब आहे, पण जाच. खाम शेवटी इथंच येऊन मिळते. पलीकडचा काठ दिसत नाही इतकं पाणी, आणि उथळ जागी लांबच लांब गुलाबी रोहित पक्षी उभे. अर्धा तास मी जागची हलले नाही. नुसतं धरणच बघायचं असेल तर मध्यवर्ती बसस्थानकातून पैठणची एसटी सोयीची पडते. तिथं उभं असतानाच लक्षात आलं की आमच्या शहराचं पिण्याचं पाणी इथूनच येतं. शाळेत मीच शिकवते हे. पण फेस बघून आल्यावर ते पहिल्यांदा कळलं.

घरी येऊन चार दिवस झाले. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. आज आलं. पिंप, हंडे, बादल्या लावल्या, आणि सगळ्यात आधी एका पांढऱ्या बशीत पाणी घेऊन मावशीची हळद टाकली. पिवळी. मी फारच खूश होऊन तिला फोन लावला.

"मावशी, आमच्याकडे पिवळी आहे."

"बरं झालं."

"तुझ्याकडे?"

"लाल. लई लाल हाय आज. फडकं लावलं मघाशीच."

मी भरत असलेल्या हंड्याकडं बघितलं. मग तीच म्हणाली, "फिकीर करू नको. आजचं पाणी तुझ्या नळाला यायला अजून लई दिवस हायेत. तवर भरून घे."