निळ्या शाईची सही

"हा आपला टायपिस्ट. जयभीमवाला आहे, पन साफ राह्यते."

दिल्लीहून आलेल्या पाहुन्याइले साहेब माही वळख करून देत होते. साहेब म्हंजे आमचे खासदार. पाहुने सोफ्यावर, मी दाराशी, हातात कागदाचा गठ्ठा. त्यातल्या एकानं मले पायापासून डोक्यापर्यंत पाह्यलं अन् हसला. मी बी हसलो. आज लिहितानी अंगाची आग होते, पन हसलो होतो, हे खरं आहे.

साहेब आधी बाजार समितीत, मंग झेडपीत, मंग दिल्लीत. त्याइच्या दिल्लीच्या पहिल्या इलेक्शनले माह्या बापानं सायकलले भोंगा बांधून देवळी तालुका पालथा घातला. निवडून आल्यावर साहेब वस्तीत आले. बापाच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढला अन् म्हनले, "पोराले पाठवजो." म्या टायपिंगची परीक्षा पास केली होती. असा मी साहेबाच्या वर्ध्याच्या बंगल्यावर, कोठीवर, लागलो. कोठीवर सगळ्याइले कपबशीत चहा. मले स्टीलच्या गिलासात. तो गिलास नळाजवळच्या खिडकीत, अन् तो मीच धुवाचा. बाप मेला तोवर त्याले हे सांगितलं नाई. त्याले वाटे, पोरगा दिल्लीच्या जवळ पोचला.

माह्यं काम शिफारसपत्राचं. दर सोमवारी कोठीचा हॉल लोकाइनं भरे. कोनाले बदली पाहिजे, कोनाले पोराची नोकरी, कोनाले कॉलेजात सीट. साहेब कोनाले नाई म्हनत नसत. याच्यावरच तर त्याइचं नाव झालं, की साहेबाच्या दारातून मानूस रिकाम्या हातानं जात नाई. मजकूर ठरलेला. मी नाव बदलो अन् कागद पुढं ठेवो. साहेबाच्या खिशात दोन पेन. हिरव्या शाईची सही म्हंजे हे काम करा. निळी म्हंजे कागद पाह्यल्यासारखा करा, वापस द्या अन् मानूस वाटेले लावा. जिल्ह्यातल्या सगळ्या हापिसाइले हे ठाऊक होतं. मले पहिल्याच हप्त्यात सांगितलं. ठाऊक नोतं ते फक्त हॉलमधल्या लोकाइले.

म्हातारेकोतारे माह्या पाया पडत. "बाबू, तुह्या हातून झालं रे." एक बाई रुमालात बोरं बांधून आने. मी खाल्ले ते बोरं. निळी सही वाळली का पाहून, घडी घालून, मीच तो कागद तिच्या हातात देला होता. हिरवी कोनाले अन् निळी कोनाले, हे आडनाव टाइप करतानीच मले समजे.

मंग माह्या घरची पाळी आली. माही लहान बहीन नवऱ्यानं टाकलेली, पदरी एक पोरगी. बारावी झालेली. गावात अंगनवाडी सेविकेची जागा निघाली. तिच्याइतके मार्क कोनाचेच नोते. दुसरा अर्ज पाटलाच्या सुनेचा, ती दहावी. इतक्या वर्सात म्या स्वतासाठी काईच मांगलं नोतं. बहिनीचं नाव टाइप करून कागद साहेबापुढं ठेवला.

"अंगनवाडीत खिचडी शिजवा लागते ना बे?"

"हो साहेब."

"मंग गावातले पोरं तिच्या हातचं खातीन का? मी नाई मानत हे. पन गाव मानते. विचार करत जा थोडा."

अन् खिशातून पेन काढलं. निळं. माह्या डोळ्यात पाहून सही केली. मले समजते, हे त्याइले समजत होतं. तरी केली. "घे. खुश?"

"धन्यवाद साहेब," मी म्हनलो.

बहिनीले मी काई सांगितलं नाई. कोन्या तोंडानं सांगू? तिनं पत्र प्लास्टिकच्या पिशवीत घातलं, साऱ्या वस्तीले दाखोलं. मुलाखतीच्या दिवशी नवी साडी नेसली. मी पाहत राह्यलो. जागा पाटलाच्या सुनेले भेटली. हापिसातल्या बाबूनं बहिनीले पत्र वापस देलं अन् दात काढत म्हनला, "बाई, हे तुह्या भावाले दाखव. त्याले समजते."

ती तशीच देवळीहून एसटीत बसून माह्या खोलीवर आली. पत्र पुढं टाकलं. म्या सगळं सांगितलं. ती रडली नाई.

"तुले मालूम होतं, दादा? अन् तू मले नवी साडी नेसू देली?"

मंग पत्र उचलून निळी सही पाह्यली अन् म्हनली, "असे किती जनाइले देले रे?"

त्या सोमवारी हॉल गच्च होता. मी टाइपरायटरवरून उठलो अन् मोठ्यानं सांगितलं, सही हिरवी असन तरच काम होते. निळी असन तर तो कागद चुलीत घाला. साहेबाच्या मानसानं माही कॉलर धरली. साहेब शांत होते. "जाऊ दे त्याले. शेवटी जात दाखोलीच."

आर्वीकडचा एक म्हातारा उठला. मले वाटलं, आता हा साहेबाले जाब विचारते. तो माह्याजवळ आला अन् माह्या पायावर थुकला. "माह्या नातवाचं पत्र तूच देलं होतं ना बे?" मंग साहेबाकडं वळला अन् हात जोडले. "मायबाप, माह्यं तेवढं हिरवं करून द्या."

साहेबानं हिरवं पेन काढलं. हॉलमधले सगळे त्याच्यामागं रांगेत लागले. मले लोटून बाहेर काढलं, तवा कोनी मागं वळून पाह्यलं बी नाई.

आता मी देवळीत पंचायत समितीसमोर टेबल टाकून बसतो. लोकाइचे अर्ज लिहितो, अपील लिहितो, माहितीचा अधिकार आल्यापासून तेबी लिहितो. शिफारसपत्र लिहित नाई. बहीन दुसऱ्याच्या वावरात निंदनीले जाते. त्या खोलीतल्या दिवसापासून ती माह्याशी कामापुरतं बोलते. तिचं बरोबर आहे.

मांगच्या महिन्यात साहेबाचा मानूस आला. साहेबाची एकसष्टी आहे, गौरवग्रंथ काढून राह्यले. "तुमच्या समाजाचा एक मानूस पाहिजे पुस्तकात. जुनं विसरा, दोन पानं लिहून द्या." बहीन नुकतीच वावरातून आलती, हात धूत होती. ती म्हनली, "लिही. पन तुह्यंबी लिही."

हेच ते दोन पानं. ते छापनार नाईत, म्हनून म्या झेरॉक्स काढून ठेवल्या. पुढच्या इलेक्शनले ज्या गावात साहेबाची सभा, त्या गावात मी आदल्या दिवशी जाईन. घरोघरी पत्र काढाले लावीन, शाई दाखवीन. हे म्या टाइप केलं अन् म्याच तुमच्या हातात देलं, हेबी सांगीन. लोक थुकतीन. थुकू द्या. पन त्या निळ्या कागदाच्या भरवशावर साहेबाले एकबी मत भेटू देनार नाई.