बावखलाभोवतीचे कुंपण

ती घटना आठवली की आजही आधी डोळ्यांसमोर येते ते एक कुलूप. नवेकोरे, पितळी, आणि लावलेले एका निवृत्त शिक्षिकेच्या स्वतःच्या वाडीच्या फाटकाला. चावी मात्र तिच्याकडे नव्हती.

तेव्हा वसईतल्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो आणि निवृत्ती जवळ आली होती. नावे कुणाचीच सांगणार नाही. शिक्षिकेला सारे गाव ‘बाई’ म्हणते, मीही तेच म्हणतो. किनाऱ्याकडच्या जुन्या ख्रिस्ती कुटुंबातल्या, आता एकट्याच राहणाऱ्या. घरामागे केळी आणि सोनचाफ्याची वाडी, मधोमध बावखल, म्हणजे गोड्या पाण्याचे लहान तळे. वाडी त्याच्यावर जगते आणि आसपासच्या विहिरीही. बावखलाचे पाणी शेजाऱ्याला नाकारायचे नाही, ही तिथली रीत.

कुलपाची तक्रार घेऊन बाई ठाण्यात आल्या, तेव्हा ठाणे अंमलदाराने ती ऐकून आमचे ठरलेले वाक्य ऐकवले. “बाई, ही दिवाणी बाब आहे. कोर्टात जा.” त्याचीही चूक नव्हती. बाईंनीच सही केलेला करारनामा टेबलावर पडला होता.

मी तो वाचायला घेतला. कुंपण घालण्याचा साधा करार, भाषाही सालस. काम पूर्ण होईपर्यंत जागेचा ताबा आणि फाटकाच्या चाव्या ठेकेदाराकडे राहतील. काम पूर्ण झाल्याचे ठेकेदार लेखी कळवील. कुंपणासाठी लागेल तो भराव आणि सपाटीकरण ठेकेदार करील. एकेक वाक्य सुटे वाचले तर वावगे काही नाही. तिन्ही जोडून वाचली तेव्हा मेख कळली. त्याने काम पूर्ण झाले असे कधी लिहूनच दिले नाही, तर बाई आपल्याच वाडीबाहेर. आणि भराव कुठे घालायचा हे ठरवणारही तोच.

“बाई, सही करण्याआधी वाचलं नाहीत?”

“माझाच विद्यार्थी हो तो, चौथीतला. मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात भेटला, मग घरी आला, चहा प्यायला. त्याच्यादेखत चष्मा लावून त्याचा कागद वाचायचा? बरं दिसलं असतं?” मग त्या स्वतःवरच चिडल्या. “वर्षभर त्याचे पेपर तपासले मी. हा एवढा एक तपासायचा राहिला!”

आमच्या भागात ही चूक सोन्यासारखी माणसे करतात. केळ्याच्या घडाचा भाव करताना तासभर हटणार नाहीत, पण ओळखीच्या माणसाचा कागद वाचणे म्हणजे त्याचा अपमान, असे मनात घट्ट बसलेले. मग भरवशाच्या म्हशीला टोणगा होतो आणि आम्ही पंचनाम्याला जातो.

मी वाडी पाहून आलो. तारेचे कुंपण पक्के होते, फक्त रस्त्याच्या बाजूला मोकळी जागा सोडलेली होती आणि तिथे दोर बांधून ‘काम चालू, प्रवेश बंद’ अशी पाटी टांगली होती. ताबा कराराने ठेकेदाराकडे, म्हणून बाई तो दोर ओलांडत नव्हत्या. “पाण्याला येणाऱ्या बायकांसाठी वाट ठेव, असं मीच सांगितलं होतं,” बाई म्हणाल्या. मी ती वाट पावलांनी मोजली आणि परतलो.

शनिवारी सकाळी गोखिवऱ्याच्या एका चहाच्या टपरीवरून माझ्या जुन्या खबऱ्याचा फोन आला. “साब, उद्याचे डंपर बुक झालेत. राडारोडा टाकायचाय. ड्रायव्हर लोक बोलत होते, एक तळं आहे, गाव चर्चमध्ये गेलं की काम खल्लास करायचं.”

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. रविवारी मिस्साच्या वेळी त्या गावात रस्त्यावर कुत्रेसुद्धा दिसत नाही. आणि बावखल एकदा बुजले की बुजले. कोर्टाचा आदेश येईपर्यंत त्यावर इमारतीचा पाया भरलेला असतो. माणसे पाठवून डंपर एक दिवस अडवता आले असते, पण ठेकेदाराच्या खिशात भरावाला परवानगी देणारा कागद होता. मला त्याचा हेतू हवा होता, तोही त्याच्याच तोंडून आणि त्याच दिवशी.

त्याला चौकशीला बोलावले. इस्त्रीचा शर्ट, चेहऱ्यावर हसू. “साहेब, सगळं ॲग्रीमेंटमध्ये आहे.”

“मग फाटकाच्या चाव्या का देत नाहीस?”

“काम बाकी आहे ना. एका बाजूला कुंपण राहिलंय.”

“का राहिलं?”

“बाईंनीच सांगितलं, शेजारच्या बायकांना वाट ठेव म्हणून.” माझ्यावर मात केल्यासारखा तो खुर्चीत मागे रेलला.

मी रायटरला तेवढे उत्तर शब्दशः लिहून घ्यायला लावले. मग विचारले, “वाट ठेवायचीच होती आणि तू ती ठेवलीस. मग बाकी काम कोणतं?”

तो खुर्चीत सरळ बसला. म्हणाला, “सपाटीकरण.”

“खांब उभे राहिल्यावर? कळशी घेऊन जाणाऱ्या बाईमाणसाला वाट किती लागते रे? तू सोडलेल्या वाटेतून डंपर जातो. उद्या मिस्साच्या वेळी जाणारही आहे.”

त्याचे हसू गेले. गावचाच पोरगा तो. कुठली वेळ निवडली आहे, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त कळत होते. मग त्याने सगळे सांगून टाकले. एका जमीन दलालाने त्याला पुढे केले होते. बावखल बुजले, वाडी सुकली की म्हातारी कंटाळून विकेल, असा हिशेब. कागदही दलालानेच बनवून दिला होता. मला मात्र ठेकेदाराचाच मनस्वी राग आला. सही करण्यापूर्वी त्या पठ्ठ्याने आपला जबाब तीनदा वाचला.

फसवणुकीचा गुन्हा नोंदवला. रविवारी चर्चची घंटा झाली तेव्हा आमची जीप त्या वाटेत आडवी उभी होती. बाई त्या दिवशी चर्चला गेल्या नाहीत. हातात जपमाळ घेऊन कुंपणाबाहेर उभ्या होत्या. पहिला डंपर वळणावरून आला आणि जीप दिसताच करकचून थांबला. मागचेही थांबले. बाईंचे ओठ हलत होते, नजर पाण्यावरून हटत नव्हती.

दलाल मात्र कानांवर हात ठेवून बसला. ठेकेदाराला मी ओळखतच नाही, म्हणाला. एकट्या ठेकेदाराच्या बोलण्यावर त्याला धरून ठेवणे अवघड होते.

ठेकेदाराकडून जप्त केलेली चावी पुढे कोर्टाच्या आदेशाने बाईंना परत द्यायची होती. हवालदार पावती घेऊन गेला, मीही गेलो. चहा आला. हवालदाराने सवयीने पेन पुढे केले. “बाई, इथं सही करा.”

बाईंनी चष्मा लावला. पावती पहिल्या अक्षरापासून वाचू लागल्या. चहा गार झाला. हवालदार चुळबुळ करू लागला, तरी त्या थांबल्या नाहीत.

“करारात ‘चाव्या’ लिहिलं होतं,” शेवटी त्या म्हणाल्या. “इथं ‘एक चावी’ आहे. दुसरी कुठाय?”

हवालदाराने पेन खाली ठेवले. ठाण्यात कुणालाच तो प्रश्न पडला नव्हता. त्याच संध्याकाळी झडतीत दुसरी चावी निघाली, ठेकेदाराला ओळखतही नसलेल्या त्या दलालाच्या कपाटातून.

नोकरीत मी पुष्कळ सह्या घेतल्या आणि बहुतेकांनी त्या घाईने केल्या, कारण समोरच्याला ताटकळत ठेवायला माणूस लाजतो. आपण कागद वाचलेला ज्याला चालतो, तो वाचून होईपर्यंत थांबतो, एवढे मला त्या बावखलाकाठी कळले.

कोर्टाचा आदेश झाल्यावर दुसरी चावी घेऊन मी गेलो तेव्हा बाईंनी ती आधी कुलपाला लावून पाहिली. कुलूप उघडले. मग म्हणाल्या, “बसा साहेब. नवी पावती वाचायला मला वेळ लागेल.”